सहा दिवस, एक मोजपट्टी आणि बर्लिनच्या भिंती

मराठी वाचकाला ग्राफिटी म्हटलं की वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, पोपडे निघालेल्या भिंतीवर छापलेली चुरचुरीत ओळ आठवते. बर्लिनमधली ग्राफिटी वाचायला गेलं तर बहुतेक वेळा हाती लागतं ते नुसतं एक नाव, आणि तेही नीट लागेल याची खात्री नाही. मग एम.ए.च्या प्रबंधात तिच्यावर ऐंशी पानं लिहायची ती कशाबद्दल?

भित्तिचित्रांच्या कामावर घेतलेल्या इंटर्नच्या हाती रंगाचा डबा उशिराच येतो. त्याआधी भिंत धुवायची, सुटलेले पोपडे खरवडायचे, प्रायमरचा हात मारायचा, रिकामे डबे मोजायचे आणि संध्याकाळी दिवसभराच्या फोटोंना नावं द्यायची. ही सगळी हमालीच. पण तीन महिने ती केल्यावर, ऑक्टोबरात, परतीच्या विमानाआधी हाताशी असलेल्या सहा दिवसांत शहर पायी पाहिलं तेव्हा प्रबंधाच्या तक्त्यातला जवळजवळ प्रत्येक रकाना याच हमालीतून निघाला. त्या सहा दिवसांची ही नोंद.

कागदपत्रांचं थोडक्यात. इंटर्नशिपच्या व्हिसासाठी कामाचा अभ्यासक्रमाशी थेट संबंध दाखवावा लागतो. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशानुसार उमेदवार एकतर शिकत असावा, नाहीतर पदवी मिळून दोन वर्षं उलटलेली नसावीत. विद्यापीठाच्या पत्रात प्रबंधाचा विषय आणि तिथलं काम एकाच परिच्छेदात जोडून लिहून घ्या. इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची असेल तर जर्मनीचं किमान वेतन लागू होत नाही. ऐच्छिक असून तीन महिन्यांच्या पुढे गेली तर होतं. त्यामुळे ‘बरोबर तीन महिने’ अशी ऑफर आली तर त्यामागचा हिशोब ओळखायचा.

गुरुवार : रिंगबान

शहराच्या मध्यभागाला एस-बान या शहरी रेल्वेचा वर्तुळाकार मार्ग, म्हणजेच रिंगबान, वळसा घालतो. २७ स्थानकं, सुमारे ३७ किलोमीटर, एका फेरीला एक तास. एस ४१ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, एस ४२ उलटी. ग्राफिटीचा अभ्यास इथून सुरू करावा, कारण रुळाकडेच्या भिंती मुळात गाडीतल्या माणसासाठीच रंगवलेल्या असतात. एस ४१ मध्ये डावीकडे बसलं तर वर्तुळाची बाहेरची बाजू दिसते, उजवीकडे आतली. म्हणजे दोन फेऱ्या आल्या. साधं एकेरी तिकीट अशा गोल प्रवासाला चालत नाही, दिवसभराचं घ्यावं लागतं. कागदी तिकिटावर चढण्यापूर्वी शिक्का मारायचा. वैध तिकीट नसेल तर ६० युरो जातात.

पहिल्या फेरीत फक्त प्रकार टिपले. टॅग म्हणजे एका दमात काढलेली सही, काही सेकंदांचं काम. थ्रो-अप म्हणजे फुगीर अक्षरं, एक रंग आत आणि एक कडेला, काही मिनिटांचं काम. पीस म्हणजे छटा, सावली, पार्श्वभूमी असलेलं काम, ज्याला काही तास लागतात. रुळाकडेला चंदेरी अक्षरं आणि काळी कड यांचा सुळसुळाट दिसतो, त्याचं कारण रंगाच्या डब्यात आहे. चंदेरी रंग कुठल्याही जुन्या रंगावर एकाच हातात बसतो, अंधारात उठून दिसतो आणि सच्छिद्र विटेतही फारसा शोषला जात नाही. घाईत असलेल्या माणसाला याहून जास्त काय हवं? हे शैलीच्या प्रकरणात घालायचं की साहित्याच्या, यावर मार्गदर्शकांशी वाद होऊ शकतो. आमच्या मते साहित्याच्याच.

दुसऱ्या फेरीत फक्त उंची टिपली. छातीच्या उंचीवर टॅग, हात ताणून जिथवर पोचेल तिथे थ्रो-अप. त्याच्या वर एकदम मोकळी जागा, आणि मग पार छपराच्या कडेला रोलरने काढलेली माणूसभर उंचीची अक्षरं. ही गच्चीवर पालथं पडून, लांब दांड्याला रोलर लावून, वरून खाली काढतात. पुसट फवाऱ्याची दोन मजली अक्षरं दिसली तर ती अग्निशामक नळकांड्यात पातळ रंग भरून मारलेली असतात. इमारतीच्या अंगावरून उभ्या ओळीत उतरणारी निळी-लाल चिन्हं बर्लिन किड्झ या गटाची. त्यांच्यावर साव पावलोच्या पिशासाऊ लेखनाचा ठसा आहे आणि ती दोरावरून खाली उतरत काढलेली असतात. ‘जमिनीपासून उंची’ हा रकाना तक्त्यात गेला तो याच फेरीत. समोर बसलेल्या आजीबाईंनी वहीत डोकावून काय मोजताय म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकून खिडकीबाहेर बोट दाखवत पुढची चार स्थानकं स्वतःच मोजणीला हातभार लावला.

दुपारी नोलेनडॉर्फप्लाट्झला उतरून ब्यूलोश्ट्रासंवरचं अर्बन नेशन संग्रहालय पाहिलं. सप्टेंबर २०१७ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय विनाशुल्क आहे आणि यू-बान या मेट्रोची उन्नत लाइन त्याच्या दारावरून जाते. प्रबंधवाल्यांसाठी खरी ठेव म्हणजे तिथलं मार्था कूपर ग्रंथालय. आधी ईमेलवर वेळ ठरवूनच जावं. कूपर आणि हेन्री चॅल्फंट या छायाचित्रकारांचं न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्यांवरचं पुस्तक १९८४ मध्ये आलं. चॅल्फंट फलाटावर उभे राहून पुढे सरकत एकावर एक चढणारे फोटो झपाट्याने घेत आणि नंतर ते जोडून अख्खा डबा एका पट्टीत आणत. संगणक हाताशी येण्याआधीची ही जोडणी आजही पद्धतीच्या प्रकरणाची सुरुवात करायला उत्तम आहे. शुक्रवारी तेच करायचं होतं, फक्त डब्याच्या जागी भिंत.

शुक्रवार : म्यूलेनश्ट्रासं आणि क्रॉयत्सबर्ग

म्यूलेनश्ट्रासंवरची ईस्ट साइड गॅलरी, म्हणजे बर्लिनच्या सीमाभिंतीचा उरलेला तुकडा, १३१६ मीटर लांब आहे. १९९० मध्ये २१ देशांतल्या ११८ कलाकारांनी ती रंगवली. सकाळी सातला तिथे कुत्री फिरवणारे आणि रात्रीच्या पार्टीतून परतणारे एवढेच असतात. नऊनंतर चुंबनाच्या चित्रासमोर, म्हणजे दिमित्री व्रुबेल यांनी १९७९ च्या छायाचित्रावरून रंगवलेल्या सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह आणि पूर्व जर्मनीचे होनेकर यांच्यासमोर, सेल्फीची रांग लागते. त्या दिवशी पाऱ्याने आठ अंश गाठले होते आणि नदीवरून बोचरा वारा येत होता. बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे हवेतच, नाहीतर शटर दाबता येत नाही.

इथे मापाचा एक योगायोग आहे. सीमेवरची ही काँक्रीटची पाटी ३.६० मीटर उंच आणि १.२० मीटर रुंद असते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स लावून भिंतीपासून साडेपाच मीटरवर उभं राहिलं की चौकटीत सुमारे ५.७ बाय ३.८ मीटर येतं. म्हणजे भिंतीची पूर्ण उंची बसते आणि वर-खाली चार-चार बोटं जागा उरते. आता दर फोटोला एक पाटी बाजूला सरकायचं. लागोपाठच्या दोन फोटोंत जवळजवळ ८० टक्के भाग सारखा येतो, आणि फोटो जोडून मोजमापयोग्य प्रतिमा बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला तेवढा पुरतो. मोजपट्टी हाती धरायचीच गरज नाही, जिथे सांधे दिसतात तिथे तेच मोजतात. हाच हिशोब पूर्ण लांबीला लावला तर सुमारे ११०० फोटो होतात. एका सकाळी सगळं उरकायचा मोह टाळा, दोनशे मीटर नीट करा.

चुका कुठे होतात ते सांगतो. झूम लेन्स असेल तर ती चिकटपट्टीने जागीच बांधून टाका, कारण चालताना नकळत फिरते आणि जोडणी फसते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर प्रत्येक फोटोत निळा वेगळा दिसतो. तो एकदाच ठरवा आणि दर वीस फोटोंनी रंगपट्टी चौकटीत धरा. या बाजूचं तोंड ईशान्येला आहे. ऑक्टोबरात दहाच्या सुमाराला ऊन भिंतीला घासून जातं, तेव्हा जुन्या रंगाचे उंचवटे आणि भेगा उठून दिसतात. रंग टिपायचे असतील तर ढगाळ हवा किंवा दुपारची सावली बरी. फोनच्या जीपीएसवर भरवसा ठेवू नका. पाच-दहा मीटरची चूक म्हणजे इथे चार-आठ पाट्या. जवळचा दिव्याचा खांब किंवा घर क्रमांक लिहून ठेवा.

यापेक्षा मोठी चूक मात्र वाचनात होते. इथे दिसतं ते ‘भिंतीच्या काळातलं’ नाही. ही पूर्वेकडची, आतली बाजू. १९८९ पर्यंत तिच्याजवळ फिरकायची सोय नव्हती, त्यामुळे ती कोरी होती. लिहिलं जायचं ते पश्चिमेकडच्या अंगावर, आणि तिथली काही पावलांची जमीनही पूर्व जर्मनीचीच होती, म्हणून रंगवणाऱ्याला सीमारक्षक येऊन पकडू शकत. फ्रेंच चित्रकार तिएरी न्वार यांनी १९८४ पासून रंगवलेली मोठ्या ओठांची डोकी त्या बाजूची. दुसरी गोष्ट अशी की २००९ मध्ये इथला जुना रंग पार उतरवला, काँक्रीट दुरुस्त केलं आणि कलाकारांना प्रत्येकी ३००० युरो देऊन तीच चित्रं नव्याने काढायला सांगितली. काहींनी नकार दिला. तेव्हा तारखेच्या रकान्यात नुसतं ‘१९९०’ लिहिलं तर ते चूक. रचना १९९०, रंग २००९ आणि वरचे टॅग कालचे, अशा तीन तारखा लागतात. भिंत रंगवण्याआधी खरवडायचं काम ज्याने एकदा केलंय, तो हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारतो.

हक्कांचंही इथेच सांगून टाकतो. सार्वजनिक रस्त्यावर कायमस्वरूपी असलेल्या कलाकृतीचा फोटो काढून छापायला जर्मन कॉपीराइट कायद्याचं कलम ५९ मुभा देतं. चौकटीत ओळखू येणारी माणसं आली तर मात्र त्यांची परवानगी हवी. बेकायदा रंगवणं हा दंडविधानाच्या कलम ३०३ खाली गुन्हा आहे. २००५ पासून वस्तूचं नुकसान झालं नसलं तरी तिचं रूप लक्षणीय आणि टिकाऊपणे बदलणं त्यासाठी पुरतं. म्हणून रंगवणाऱ्यांच्या मुलाखती घेताना खरं नाव, टॅग आणि ठिकाण ही तिन्ही एकाच फाइलमध्ये कधीही ठेवू नका. पण बेकायदा काढलेल्या चित्रावर चित्रकाराचा काहीच हक्क नाही असंही नाही. भिंत पडल्यावर रंगीत पाट्यांचा १९९० मध्ये मोंते कार्लोला लिलाव झाला. त्या प्रकरणात जर्मनीच्या बुंडेसगेरिश्ट्सहोफ या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयाने १९९५ मध्ये विक्रीतला वाटा मागण्याचा चित्रकारांचा हक्क मान्य केला.

ओबरबाउम पूल ओलांडला की क्रॉयत्सबर्ग हा भाग लागतो. फाल्केनश्टाइनश्ट्रासंवर ब्लू या इटालियन कलाकाराचं, शेकडो गुलाबी माणसांनी बनलेलं राक्षसी धड अजून आहे. जवळच्या कूव्रीश्ट्रासंवरची त्याची दोन प्रसिद्ध चित्रं मात्र नाहीत. ती २०१४ च्या डिसेंबरात रातोरात काळ्या रंगाने झाकली गेली, आणि तीही कलाकाराच्याच संमतीने. चित्रांमुळे जागेचे भाव वाढतात आणि मग तिथे राहणारे हुसकले जातात, हा त्यामागचा राग. त्या मोकळ्या प्लॉटवर आता कार्यालयं आहेत. प्रबंधात अशा न उरलेल्या चित्रालाही स्वतःची ओळ द्यावी: केव्हा आलं, केव्हा झाकलं, कोणी, कशाने. मारियानेनश्ट्रासंवरचा व्हिक्टर अॅशचा अंतराळवीर २००७ चा. हे काम प्रदर्शनाच्या परवानगीचं, म्हणून निवांतपणे चौकोन आखून मोठं केलेलं.

शुक्रवार असल्याने मायबाखउफरचा तुर्की बाजार भरला होता. तो मंगळवारी आणि शुक्रवारी असतो. शाकाहारी माणसाला बर्लिनमध्ये तारून नेणारा पदार्थ म्हणजे मेर्जिमेक चोर्बा, मसूर डाळीचं घट्ट सार. लिंबू पिळून, वर सुकी मिरची भुरभुरून देतात. पहिल्या चमच्याला घरच्या आमटीला फोडणी द्यायची राहून गेल्यासारखी लागते, तिसऱ्यापासून आवडू लागते. दुकानदाराने कॅमेरा पाहून शटरवरचे टॅग दाखवले. दोनदा रंगवून घेतलं, आठवड्यात परत आले. मग त्याने ओळखीच्या मुलाला पैसे देऊन अख्ख्या शटरवर चित्रच काढून घेतलं, तेव्हापासून त्याला कोणी हात लावलेला नाही. प्रबंधात याला ‘प्रतिबंधक भित्तिचित्र’ असं जड नाव देता येईल. आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात देवाच्या फरशा बसवतात, ती युक्ती याचीच चुलतबहीण.

शनिवार : रंगाचं दुकान

रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून रंग शनिवारीच घ्यायचे. ४०० मिलिलिटरचा डबा साधारण चार-पाच युरोला. विमानात ज्वालाग्राही एरोसोल चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना सामानात, त्यामुळे हवे तेवढेच घ्या. सपाट भराव्याला एका डब्यात दीड-दोन चौरस मीटर धरा. खडबडीत गिलाव्यावर त्याहून कमी. पार्श्वभूमीला डबे जाळू नका, बाहेरच्या भिंतीचा बादलीतला रंग आणि रोलर पुष्कळ स्वस्त पडतो.

दुकानदार विचारतो ते दाब किती हवा. जास्त दाबाचा डबा भरभर झाकतो, पण बारीक रेघ फाटते. कमी दाबाचा हळू चालतो आणि हात स्थिर असेल तर पेनासारखा वागतो. टोप्या वेगळ्या मिळतात. स्किनी लावून पाच सेंटिमीटरवरून मारलं तर बोटाएवढी रेघ येते, फॅट लावून वीतभर अंतरावरून मारलं तर तळहाताएवढा मऊ पट्टा. डबा दोन-तीन मिनिटं हलवा. आतल्या गोळ्या खळखळू लागल्यानंतरची दोन मिनिटं, त्याआधीची धरायची नाहीत. काम झाल्यावर डबा उलटा करून नुसता वायू येईपर्यंत दाबा, म्हणजे झडपेत रंग वाळत नाही. थंडीत दाब पडतो आणि रंग थुंकल्यासारखा येतो. डबे जाकिटाच्या आत ठेवा, हीटरवर ठेवू नका, ५० अंशांच्या वर ते फुटू शकतात. मुखवटा ए२पी२ फिल्टरचा घ्यावा. कापडी मास्क कण थोडेफार अडवेल, द्रावकाची वाफ अजिबात नाही.

हे सगळं संशोधकाला कशाला? ओघळ वाचता येतात म्हणून. हात संथ किंवा डबा फार जवळ असला की रंग साचून ओघळतो. रेघेच्या सुरुवातीला ओघळ असेल तर हात तिथे थबकला होता. शेवटी रेघ पसरट आणि धुरकट झाली तर डबा भिंतीपासून दूर नेत थांबवला. मुद्दाम काढलेले ओघळ सारख्या अंतरावर असतात. ओळीने दहा टॅग पाहिले की कोणाचा हात सराईत आणि कोण घाबरलेला होता हे सांगता येतं. शाळकरी मुलाच्या वहीत खोडाखोड वाचणाऱ्या मास्तरांना यात नवल वाटणार नाही.

संध्याकाळी हाकेशर मार्क्टजवळचं हाउस श्वार्त्सनबेर्ग, रोझेनथालर श्ट्रासं ३९. अंगणाच्या भिंती जमिनीपासून वरपर्यंत स्टिकर, स्टेन्सिल आणि चिकटवलेल्या कागदांनी भरलेल्या. याच अंगणात ऑटो वाइट यांच्या अंध कामगारांच्या कारखान्याचं संग्रहालयही आहे, ते चुकवू नका. कागद चिकटवायला इथेही खळच वापरतात. एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी, गुठळी न होता शिजवलेली. सिनेमाची पोस्टरं लावणाऱ्यांना हे शिकवायची गरज नाही. पावसाने कागद कडेपासून सुटतो, म्हणून टिकण्याची नोंद करताना वर पागोळी आहे का ते लिहा.

रविवार : माउअरपार्क

हा सहा दिवसांतला सगळ्यात कामाचा दिवस. माउअरपार्क या बागेतल्या टेकाडाच्या माथ्यावर, क्रीडासंकुलाच्या कडेने जुन्या आतल्या सीमाभिंतीचा लांबलचक तुकडा उभा आहे आणि त्यावर कोणीही येऊन रंगवतं. खाली जुन्या वस्तूंचा बाजार, उतारावर कराओकेला जमलेली गर्दी, आणि वर सतत डबे हलवल्याचा खळखळाट. वारा टेकडीच्या बाजूने वाहत असेल तर रंगाचा धूर थेट तोंडावर येतो. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा आणि चांगलं जाकीट घालून जाऊ नका.

पद्धत सोपी आहे. भिंतीचा पाच-सहा मीटरचा एक पट्टा निवडा. समोर जमिनीत एखादी खूण शोधा, आम्हाला गटाराचं झाकण मिळालं. त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, सकाळी दहापासून दर अर्ध्या तासाला एक फोटो. ऑक्टोबरात साडेसहाच्या पुढे उजेड उरत नाही, त्यामुळे अठराच फोटो होतात. मध्ये रंगवणाऱ्याला आधी विचारायचं: फोटो घेऊ का, चेहरा नको का? बहुतेक जण पाठमोरे चालतील म्हणतात. डब्यांशेजारी बसलेला चाळिशीचा एक जण आपण होऊन सांगू लागला. इथे आधीच्यावर चढवायला परवानगी लागत नाही, पण अर्धवट झाकणं वाईट समजतात. झाकायचं तर पूर्ण झाका, आणि त्याहून बरं काढा.

संध्याकाळी फोटो ओळीने लावले तेव्हा अपेक्षा होती की दुपारच्या गर्दीत सगळं बदललेलं असेल. बदललं होतं ते खालच्या दोन मीटरमध्ये. हात पोचतो तिथली अक्षरं दिवसभरात झाकली गेली होती, पुन्हा झाकली गेली होती. वरच्या कडेचा हातभर पट्टा मात्र सकाळचाच होता, कारण तिथे शिडी लागते आणि शिडी कोणी ट्राममधून आणत नाही. म्हणजे ‘या भिंतीवरचं चित्र किती दिवस टिकतं’ हा प्रश्नच चुकीचा विचारलेला होता. एकाच भिंतीत दोन घड्याळं चालतात, खालचं तासांचं आणि वरचं आठवड्यांचं. रिंगबानवर निव्वळ कुतूहलाने उघडलेला उंचीचा रकाना इथे प्रबंधाचा कणा झाला. शिड्या धरून उभं राहणं हे इंटर्नचं नेहमीचं काम, त्यामुळे शिडीची किंमत वेगळी समजावून सांगायला लागली नाही.

भिंतीच्या पायथ्याशी गवतात पोपडे पडलेले असतात. रंगाच्या वजनाने आणि हिवाळ्यात आत शिरून गोठणाऱ्या पाण्याने ते आपोआप सुटतात. जमिनीवरचेच उचला, भिंत खरवडू नका. एकेक पोपडा झिपच्या पिशवीत ठेवून वर जागा, तारीख आणि पायथ्यापासूनचं अंतर लिहा. हातमोजे घाला, कारण जुन्या रंगांत शिसं असू शकतं. परतताना रिकाम्या पाण्याच्या बाटल्या सुपरमार्केटच्या यंत्रात टाकल्या तर प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात. बागेत त्या गोळा करणारी माणसंही असतात, कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी ठेवली तरी चालतं.

सोमवार : राइश्टागच्या आत

पावसाचा दिवस, आणि भिंत छपराखाली. १९४५ च्या मे महिन्यात सोव्हिएत सैनिकांनी जर्मन संसदेच्या या इमारतीत कोळशाने आणि रंगीत खडूने सिरिलिक लिपीत लिहिलेला मजकूर आहे. बहुतेक नावं, गावं आणि मॉस्कोपासून बर्लिनपर्यंतच्या वाटा. १९६० च्या दशकातल्या दुरुस्तीत तो तक्त्यांमागे गेला आणि १९९५ मध्ये वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या नूतनीकरणात पुन्हा उजेडात आला. तो जपायचं ठरलं, पण अश्लील मजकूर रशियन दूतावासाशी बोलून काढून टाकण्यात आला. आज दिसतं ते निवडलेलं आहे, हे तळटिपेत नको, मुख्य मजकुरात लिहा.

काचेच्या घुमटाची भेट वेगळी आणि इमारतीतली मार्गदर्शित फेरी वेगळी. लेखन नीट पाहायचं तर फेरीची आगाऊ नोंदणी करा आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

मराठी माणसाला इथे अजिंठा आठवल्याशिवाय राहत नाही. दहाव्या लेण्यातल्या चित्रावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपलं नाव कोरलं. ते आज डोक्याच्याही वर दिसतं, कारण तेव्हा लेणं दगडमातीने भरलेलं होतं आणि तो त्या ढिगावर उभा होता. नावाच्या उंचीवरून तेव्हाची जमीन कळते. तेव्हा तक्त्यात उंची लिहिताना ‘आजच्या जमिनीपासून’ असं स्पष्ट लिहायला हवं.

मंगळवार : टेबलाशी

शेवटचा दिवस सामान आणि फाइलींचा. फाइलीचं नाव तारीख, रस्ता, भिंत क्रमांक, फोटो क्रमांक या क्रमाने ठेवा. तारीख वर्षापासून सुरू केली की फाइली आपोआप काळानुसार लागतात. मूळ रॉ फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि त्यातली एक हातातल्या बॅगेत. जर्मनीत याचा मोठा नमुना आहे. पाडरबॉर्न आणि कार्ल्सरूहं इथल्या विद्यापीठांचा इनग्रिड हा संग्रह मानहाइम, म्युनिक, कोलोन अशा शहरांतले लाखाच्या वर ग्राफिटी-फोटो प्रकार, अक्षरं, तंत्र आणि जागा अशा नोंदींसह ठेवतो. आपल्या सहा दिवसांच्या तक्त्याचे रकाने त्यांच्याशी ताडून पाहावेत. शब्द जुळले तर उद्या दोन शहरांची तुलना करता येते.

हाच तक्ता मुंबई-पुण्याला लावायचा तर दोन रकाने वाढवावे लागतील. २०१७ मध्ये ससून डॉकवर झालेल्या कामासारखी परवानगीची भित्तिचित्रं आहे त्या रकान्यांत बसतात. पण निवडणुकीआधी ‘ही भिंत आरक्षित’ लिहून पक्षाने अडवलेली जागा बसत नाही. तिथे ‘कोणासाठी अडवली’ हवं. दुसरा रकाना पावसाचा. १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली चुन्याचा हात मारून झाकलेलं चिन्ह दोन पावसाळ्यांत चुना धुऊन गेला की पुन्हा डोकं वर काढतं. बर्लिनमध्ये जुनं खाली राहतं, आपल्याकडे ते परत येतं.

सामान बांधून झाल्यावर माउअरपार्कचा एक पोपडा पाण्यात बुडवून पॉलिश पेपरवर तिरका घासला. आधी ४०० नंबर, मग ८००, शेवटी १२००. कोरडा घासायचा नाही, धूळ नाकात जाते. फवाऱ्याचा एक हात वाळल्यावर साधारण २० ते ४० मायक्रॉनचा होतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये पंचवीस ते पन्नास हात. पोपडा सहा मिलिमीटर जाड होता. दहा पट भिंगाखाली वरून मोजायला सुरुवात केली: पांढरा, गुलाबी, काळा, चंदेरी, काळा, चंदेरी, काळा. चौसष्टाव्या थरापर्यंत आकडा बरोबर होता, मग दोन निळे एकमेकांत मिसळले आणि मोजणी चुकली. पिशवीवर ‘किमान ६४’ असं लिहून ती पासपोर्टशेजारी ठेवली.